तीन माणसांत चोवीस तास सपोर्ट? सही करण्याआधी हा हिशोब करा

ॲप्लिकेशन सपोर्टच्या धंद्यात पहिली चूक बोलणी करतानाच होते. क्लायंट म्हणतो, ‘चोवीस तास सपोर्ट लागेल.’ आपण लगेच म्हणतो, ‘देऊ की सर, तीन मुलं आहेत आपल्याकडे!’

आता कागद घ्या. आठवड्याचे तास 168. एक माणूस काम करणार 48 तास. म्हणजे एकच खुर्ची कायम भरलेली ठेवायची तरी साडेतीन माणसं हवीत. रजा, आजारपण, दिवाळी धरलीत तर पाच. तिघांत रेटलंत, तर सगळ्यात हुशार मुलगाच आधी राजीनामा देतो, कारण रात्री दोनला फोन त्यालाच जातो.

म्हणून करारात सकाळी नऊ ते रात्री नऊ लिहा. आठवड्याचे 84 तास होतात, तिघांत आरामात बसतात. रात्रीचा फोन फक्त ‘सगळं बिलिंगच बंद पडलंय’ अशा वेळी. पासवर्ड विसरला, ते सकाळी बघू. ऑन-कॉलची पाळी दर आठवड्याला फिरवा आणि तिचे वेगळे पैसे द्या (ते क्लायंटच्या दरात आधीच धरा).

‘99.9 टक्के सिस्टीम चालू’ ऐकायला भारी वाटतं, पण 30 दिवसांच्या महिन्यात बंद राहायला जेमतेम 43 मिनिटं मिळतात. सर्व्हर क्लायंटच्या ताब्यात असेल, तर असं वचन देऊच नका. ‘15 मिनिटांत कामाला लागू’ लिहा, तेवढं आपल्या हातात आहे.

आणि पाळी बदलताना तोंडी निरोप बंद! काय बिघडलं, काय करून पाहिलं, क्लायंटला काय सांगितलं, सगळं तिकिटातच लिहायचं. नाहीतर पुढच्या पाळीचा मुलगा तोच सर्व्हर पुन्हा रीस्टार्ट करत बसतो.