व्याज नको म्हणून जुनी थार

जुन्नरकडच्या मामूंच्या वस्तीवर पावसाळ्यात साधी गाडी चढत नाही. व्याजाचे कर्ज नको, म्हणून साठवलेल्या पैशांत चाकणला एमएच 14 ची जुनी थार पाहिली. रंग चकाचक, आम्ही मात्र वाकून चेसिसचा गंज, वेल्डिंग तपासले. फोर-व्हील ड्राइव्ह मातीतच लावून पाहिली. कोरड्या डांबरावर वळताना गिअरबॉक्सवर ताण येतो.

आरसीवर बँकेचा बोजा निघाला. ‘आधी पैसे द्या, मग फेडतो,’ मालक म्हणाले. आम्ही फक्त बयाना दिला. उरलेले बँकेचे ना-हरकत पत्र, फॉर्म 35 आणि सही केलेले फॉर्म 29, 30 हाती आल्यावर. तेव्हा तेच म्हणाले, “पुढच्या एक्सलमधून ऑईल गळतं. ऐब लपवून विकणं जायज नाही.” सीलचा खर्च त्यांनी किमतीतून वजा केला.