फ्लूची लस मृगाच्या आधी

कमरेच्या वर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना आपली दोन मूत्रपिंडे असतात. रक्तातली घाण गाळून ती लघवीवाटे बाहेर टाकतात. मधुमेहाने किंवा रक्तदाबाने ती हळूहळू खराब होतात. मग रोगाशी झुंजण्याची अंगातली ताकदही घटते. अशा माणसाला फ्लू झाला, तर तो साधा ताप राहत नाही. छातीत उतरतो. जिवावर बेततो. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्लूने माणसे दगावली. तो रोग अजून गेलेला नाही.

म्हणून मूत्रपिंडाच्या रोग्याने फ्लूची लस घ्यावी. पण केव्हा?

आपल्या महाराष्ट्रात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो. थोडा थंडीतही असतो. आता, पेरले की दुसऱ्या दिवशी कणीस दिसते का? लसीचेही तसेच. टोचल्यावर अंगात ताकद यायला दोन आठवडे लागतात. मूत्रपिंडाच्या रोग्यात ती कमीच येते आणि काही महिन्यांत ओसरते. तेव्हा फार आधी नको, उशीरही नको. मे महिन्यात, रोहिणी नक्षत्र लागते त्या सुमारास टोचून घ्यावे. मृग लागला की पेरणीची घाई. मग लस राहूनच जाते, हे आम्ही दरसाल पाहतो. राहिलीच, तर पावसाळ्यात का होईना, घ्यावी. ऑक्टोबरात घ्या असे कोणी सांगते. तो हिशेब थंड मुलखातला.

"गुरुजी, गेल्या साली टोचलं की! आता पुन्हा कशाला?" असे लोक आम्हांला विचारतात. प्रश्न बरोबर आहे. पण फ्लूचा विषाणू रूप बदलतो, म्हणून लसही बदलावी लागते. 'यंदाची नवी लस आहे ना?' असे दवाखान्यात खुशाल विचारावे. त्यात लाज कसली? घरच्या माणसांनीही लस घ्यावी, कारण ताप बहुधा त्यांच्याकडूनच येतो.

लसीने फ्लू होत नाही. हात दुखतो, एखादा दिवस कणकण वाटते. त्यासाठी दुकानातून दुखण्याची गोळी मनाने आणून घेऊ नये. अशा काही गोळ्या मूत्रपिंडाला फार वाईट. डॉक्टरला विचारून घ्यावी. लस सुईची घ्यावी, नाकात फवारायची नको. ज्या हाताची नस डायलिसिससाठी जोडलेली आहे, त्या हाताला सुई टोचू देऊ नये. दुसरा हात पुढे करावा.