शेतीचे उत्पन्न आणि विद्यार्थी व्हिसा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

उजनी जलाशयाच्या फुगवट्यामुळे करमाळा तालुक्यातील भीमाकाठच्या गावांत ऊस आणि केळी ही नगदी पिके स्थिरावली. या पिकांवर उभ्या राहिलेल्या एखाद्या कुटुंबातील मुलाला वा मुलीला परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळतो, तेव्हा विद्यार्थी व्हिसाच्या, म्हणजे शिक्षणापुरते त्या देशात जाण्याच्या परवानगीच्या अर्जात सर्वांत अवघड ठरतो तो पैशाचा पुरावा. अर्ज श्रीमंतीवर मंजूर होतो, ही समजूत या अडचणीच्या मुळाशी आहे. प्रत्यक्षात अर्ज तपासणारा अधिकारी तीन गोष्टी पाहतो : खर्च भागेल इतकी रक्कम आहे काय, ती कोठून आली हे कागदांवरून कळते काय, आणि सर्व कागद एकमेकांशी जुळतात काय. शेतकरी कुटुंबाचे उत्पन्न बहुधा खरे आणि पुरेसेही असते; उणीव असते ती त्याच्या नोंदींची, आणि ही उणीव प्रामाणिक मार्गाने भरून काढता येते.

विद्यापीठाचे प्रवेशपत्र आले म्हणजे व्हिसा मिळाल्यातच जमा आहे, हा गैरसमज चटकन दूर होण्यासारखा आहे. अमेरिकेतील विद्यापीठ ‘आय-20’ हे प्रमाणपत्र देते आणि ब्रिटनमधील विद्यापीठ ‘कॅस’ हा प्रवेशनिश्चितीचा क्रमांक देते. परंतु ही दोन्ही केवळ अर्ज करण्याची पात्रता आहे, निर्णय त्या देशाच्या सरकारचा असतो. त्यामुळे व्हिसाची हमी देणारा एजंट त्याच्या हातात नसलेली गोष्ट विकत असतो.

याहून घातक समजूत ‘बॅलन्स दाखवण्या’ची आहे. नातेवाइकांकडून किंवा व्याजाने रक्कम उचलून ती चार दिवस खात्यात ठेवायची, बँकेचे पत्र घ्यायचे आणि रक्कम परत करायची, असा सल्ला सर्रास दिला जातो. ब्रिटनच्या नियमांनुसार आवश्यक रक्कम सलग 28 दिवस खात्यात असावी लागते, त्या काळात ती एक दिवसही कमी होऊन चालत नाही, आणि त्या 28 दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपूर्वीच्या 31 दिवसांतील असावा लागतो. ही रक्कम म्हणजे पहिल्या वर्षाचे उरलेले शुल्क आणि राहण्याचा खर्च यांची बेरीज होय. नोव्हेंबर 2025 पासून हा खर्च लंडनमध्ये दरमहा 1,529 पौंड आणि लंडनबाहेर 1,171 पौंड असा, जास्तीत जास्त नऊ महिन्यांसाठी धरला जातो. जर्मनीत या प्रश्नाचे उत्तर वेगळ्या रीतीने दिले जाते : तेथे वर्षाचे 11,904 युरो ‘गोठवलेल्या खात्यात’, म्हणजे ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, आधीच भरणे हा मान्य पुरावा आहे. अमेरिकेने दिवसांची अशी अट घातलेली नाही, तरी वर्षभर काही हजारांवर असलेल्या खात्यात अचानक 30 लाख रुपये जमा झालेले दिसले, तर ते कोठून आले हा प्रश्न तेथेही उभा राहतो. जमीन विकून, ठेव मोडून किंवा ऊसबिलातून रक्कम आली असेल, तर खरेदीखत, ठेवीची पावती किंवा कारखान्याची बिलपट्टी सोबत जोडणे हे त्याचे सरळ उत्तर आहे.

पैसा कुटुंबातच आहे, मग तो कोणाच्याही नावावर असला तरी चालेल, असे एकत्र कुटुंबात गृहीत धरले जाते, आणि ब्रिटनच्या अर्जांत ते अडचणीचे ठरते. तेथे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या, आईवडिलांच्या, कायदेशीर पालकाच्या किंवा जोडीदाराच्या खात्यातील रक्कम धरली जाते. चुलत्याच्या वा आजोबांच्या खात्यातील धरली जात नाही. शिवाय ज्या संस्थेत पैसा ठेवला आहे ती, ती जेथे आहे त्या देशाच्या वित्तीय नियामकाच्या देखरेखीखाली असावी लागते. ग्रामीण भागातील बरीचशी बचत पतसंस्थांमध्ये असते. पतसंस्था ही महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नुसार नोंदलेली असते, रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेली बँक नसते. म्हणून तिच्यातील ठेव कितीही खरी असली तरी अर्जासाठी ती वेळेत बँक खात्यात आणणे शहाणपणाचे आहे. अमेरिकेच्या अर्जात मात्र चुलते प्रायोजक, म्हणजे खर्चाची जबाबदारी घेणारी व्यक्ती होऊ शकतात. ते खर्च का उचलत आहेत, हे पटेल असे सांगता आले पाहिजे.

दहा एकर बागायत असलेल्या घरात ‘जमिनीची किंमतच कोटीत आहे’ असे म्हटले जाते आणि ते खोटे नसते. तथापि ब्रिटनच्या नियमांत जमीन हा निधी मानला जात नाही. अमेरिकेच्या अर्जात मूल्यांकन अहवाल कुटुंबाच्या स्थितीचे चित्र पूर्ण करतो, परंतु पहिल्या वर्षाचे शुल्क सातबाऱ्यातून भरता येत नाही. जमीन तारण ठेवून शैक्षणिक कर्ज सहज मिळेल, ही अपेक्षाही अनेकदा फसते. कर्ज थकल्यास न्यायालयात न जाता तारण मालमत्ता विकण्याचा अधिकार बँकांना देणारा 2002 चा सरफेसी कायदा कलम 31 नुसार शेतजमिनीला लागू होत नाही, आणि म्हणून बँका बिगरशेती भूखंड, घर किंवा मुदत ठेव यांना पसंती देतात. कर्जाचे मंजुरीपत्र हे कमीपणाचे लक्षण नाही. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेचे कर्ज हा अधिकाऱ्याच्या दृष्टीने स्वच्छ पुरावा असतो, कारण त्या रकमेचा उगम पत्रातच लिहिलेला असतो.

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून ते सिद्धच करता येत नाही, हा गैरसमज खोल रुजलेला आहे. 1961 च्या आयकर कायद्याने कलम 10(1) अन्वये शेती उत्पन्न करमुक्त ठेवले, पण विवरणपत्रात ते करमुक्त उत्पन्न म्हणून दाखवण्याची सोय होती, आणि विवरणपत्र भरणे बंधनकारक नसलेल्यालाही ते स्वेच्छेने भरता येते. त्याला तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा आणि आठ-अ उतारा, कारखान्याच्या बिलपट्ट्या, केळी व्यापाऱ्याकडून वा बाजार समितीतून मिळालेल्या हिशेबपट्ट्या आणि त्याच रकमा दाखवणारे बँकेचे उतारे यांची जोड दिली, तर दोन-तीन वर्षांचे उत्पन्न स्पष्ट उभे राहते. मराठी कागदांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. दाखल्यावर दोन लाख आणि अर्जावर वीस लाख असा फरक मात्र कोणत्याही भाषांतराने झाकला जात नाही. शिष्यवृत्तीसाठी कमी आणि व्हिसासाठी जास्त उत्पन्न सांगणे हा चुकीचा आणि धोक्याचा मार्ग आहे.

नावातील फरक किरकोळ मानला जातो. सातबाऱ्यावर वडील ‘दत्तू’, पॅनकार्डावर ‘दत्तात्रय’ आणि मुलाच्या पारपत्रावर त्याच नावाचे तिसरेच इंग्रजी स्पेलिंग, अशी स्थिती असली की हा पैसा याच विद्यार्थ्याच्या वडिलांचा आहे हे सिद्ध होत नाही. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र काही वेळा पुरते. मूळ नोंद दुरुस्त करणे किंवा नावबदल राजपत्रात प्रसिद्ध करणे अधिक भक्कम असते.

एकदा नकार मिळाला की दार कायमचे बंद झाले, असेही अनेक कुटुंबे मानतात. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्याचे कलम 214(बी) प्रत्येक विद्यार्थ्याला, त्याने उलट सिद्ध करेपर्यंत, कायम राहू इच्छिणारा समजते. या कलमाखालील नकार त्या अर्जापुरता असतो आणि पुन्हा शुल्क भरून नवा अर्ज करता येतो, फक्त आधीचा नकार लपवायचा नसतो. दार कायमचे किंवा दीर्घकाळ बंद होते ते बनावट कागदांनी : अमेरिकेत फसवणुकीसाठी आजन्म अपात्रता आहे, ब्रिटनमध्ये दहा वर्षांची आणि कॅनडात पाच वर्षांची बंदी येऊ शकते. मुलाखतीची उत्तरे पाठ करण्याचाही उपयोग थोडाच होतो. हाच अभ्यासक्रम का, खर्च कोण करणार आणि पुढे काय, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि शेतकरी कुटुंबाला तो इतरांपेक्षा अधिक जाणवतो. नोकरदाराचा पगार दरमहा येतो, उसाचे पैसे मात्र गाळपाच्या हंगामाप्रमाणे हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत येतात आणि लगेच पीककर्ज, खते व लागवड यांत वळतात. सप्टेंबरच्या प्रवेशासाठी ब्रिटनचा अर्ज अभ्यासक्रम सुरू होण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो. म्हणून त्या हंगामातील रक्कम कोठे खर्चायची आणि किती राखून ठेवायची, हे बिल येण्यापूर्वीच घरात ठरलेले बरे. ब्रिटनसाठी लागणारी क्षयरोग तपासणी मान्यताप्राप्त दवाखान्यातच करावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र सहा महिने चालते, तेव्हा ती फार लवकर करण्यातही अर्थ नसतो. जर्मनीसाठी भारतीय पदव्यांची पडताळणी करणारे ‘एपीएस’ प्रमाणपत्र नोव्हेंबर 2022 पासून आवश्यक आहे आणि त्याला काही आठवडे लागतात. नावांची दुरुस्ती सर्वांत अधिक वेळ खाते, म्हणून ती पारपत्राच्या अर्जापूर्वी, शक्य तर पदवीच्या दुसऱ्या वर्षातच हाती घ्यावी.