घरातील जमिनीखालची पाण्याची लाईन गळते तेव्हा

व्यापारात तोटा दोन प्रकारचा असतो. एक डोळ्यांना दिसतो. माल भिजला, उंदराने तागा कुरतडला, उधारी बुडाली, की तो आपण लगेच वहीत मांडतो. दुसरा तोटा कोणत्याच वहीत येत नाही. जमिनीखालून गळणारी पाण्याची लाईन या दुसऱ्या प्रकारात मोडते. नळाला पाणी येते, टाकी भरते, घर चालते. फक्त मोटर पूर्वीपेक्षा जास्त वेळ चालवावी लागते आणि भिंतीला खालून लोणा चढू लागतो. तोवर कित्येक महिने निघून गेलेले असतात.

मोरगाव आणि आसपासच्या गावांना हा विषय विशेष लागू आहे. बारामती तालुक्याचे दोन भाग आहेत. एक नीरा डाव्या कालव्याचा बागायती भाग. हा कालवा १८८५ साली पूर्ण झाला. दुसरा कऱ्हा नदीच्या अंगाचा जिरायती भाग, त्यात मोरगाव येते. कऱ्हेवर जेजुरीजवळ नाझरे धरण आहे खरे, परंतु पाऊस कमी झाला की तेही भरत नाही. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांना आठवतो, २०१२-१३ चा सर्वांनाच आठवतो. मयुरेश्वराच्या दर्शनाला बाहेरगावची माणसे येतात आणि त्यांच्यावर चहाची दुकाने, खाणावळी व लॉज चालतात. अशा गावात पाणी म्हणजे भांडवलच आहे.

गळतीचा हिशेब

टपटप गळणाऱ्या नळापासून सुरुवात करू. साधारण २० थेंबांचे एक मिलिलीटर होते. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाला सव्वाचार लिटरच्या आसपास पाणी जाते. हे फारसे नाही. पण करंगळीपेक्षा बारीक धार, जिने पाव लिटरचा पेला एका मिनिटात भरतो, ती दिवसाला ३६० लिटर पाणी घेऊन जाते. महिन्याचे झाले १०,८०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरपेक्षा जास्त. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलेले आहे. म्हणजे ही एक बारीक धार सहा माणसांचे पाणी पिऊन टाकते.

येथे एक फरक लक्षात घ्यावा. ग्रामपंचायतीची लाईन ठरावीक वेळच सुटते, त्यामुळे ती तेवढाच वेळ गळते. वरच्या टाकीपासून नळांपर्यंतच्या लाईनवर मात्र चोवीस तास दाब असतो. पाण्याचा खरा तोटा तेथे होतो.

ग्रामपंचायतीच्या लाईनची गळती दुसऱ्या कारणाने धोक्याची आहे. पाणी बंद झाले की पाईप रिकामा होऊ लागतो आणि ज्या भोकातून पाणी बाहेर जात होते त्याच भोकातून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. शेजारून गटार जात असेल तर पुढच्या पाळीला तेच पाणी हंड्यात येते. नळाला थेट मोटर लावली तर हे ओढणे आणखी वाढते. कावीळ, टायफॉईड, गॅस्ट्रो हे रोग असेच घरात शिरतात. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजी या यंत्रमागाच्या शहरात दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली. हजारो लोक आजारी पडले, काही दगावले. कापडाच्या धंद्यातल्या माणसांना ती साथ चांगली ठाऊक आहे. तेव्हा गळती हा फक्त पैशाचा प्रश्न समजू नये.

गळती आहे की नाही, हे कसे पाहावे?

मीटर असेल तर काम सोपे आहे. पाणी चालू असताना घरातले सर्व नळ बंद करावेत. हौदाचा बॉलकॉकही बंद आहे याची खात्री करावी. मग मीटरच्या काचेखालची लहान चक्री पाहावी. ती फिरत असेल तर पाणी कोठेतरी जात आहे. आता मीटरच्या पुढचा मुख्य कॉक बंद करावा. चक्री थांबली तर गळती कॉकच्या पुढे, घराकडे आहे. तरीही फिरत राहिली तर मीटर आणि कॉक यांच्यामध्ये आहे.

मीटर नसेल तर टाकीवरून पाहावे. रात्री टाकी भरून आत पाण्याच्या रेषेवर खूण करावी. टाकीत येणारे पाणी बंद करावे आणि रात्रभर कोणीही नळ उघडू नये. सकाळी पाणी किती उतरले ते मोजावे. टाकीची लांबी, रुंदी आणि उतरलेले पाणी सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करावा व हजाराने भागावे, म्हणजे लिटर मिळतात. टाकी १०० बाय १०० सेंटिमीटर आहे आणि पाणी ३ सेंटिमीटर उतरले, तर ३० लिटर गेले. हे आठ तासांत झाले असेल तर दिवसाचे ९० लिटर धरावेत.

दुसऱ्या रात्री टाकीच्या तोंडाचा कॉक बंद करून हीच चाचणी पुन्हा घ्यावी. तरीही पाणी उतरले तर टाकीच गळते आहे, लाईनला दोष देऊ नये. संडासातला फ्लशही तपासावा. त्याच्या टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकून अर्धा तास थांबावे. पाणी न सोडता भांड्यात रंग उतरला तर चोर तेथेच सापडला. फरशी फोडण्याआधी एवढे जरूर करावे.

जागा कशी शोधावी?

पहिला नियम असा की लाईनचे तुकडे पाडावेत. प्रत्येक फाट्यावरचा कॉक एक एक करून बंद करावा. ज्या कॉकने पाणी उतरणे थांबते, त्याच्या पुढच्या भागात दोष आहे. याने खोदाई निम्म्याहून कमी होते.

नंतर खुणा पाहाव्यात. भर उन्हाळ्यात अंगणाच्या एकाच पट्ट्यात हिरवे गवत, खाली बसलेली फरशी, शेवाळ, नळ सोडल्यावर आधी येणारे गढूळ पाणी, या सर्व खुणा आहेत. मातीकडेही लक्ष द्यावे. काळ्या मातीत पाणी वर येते, चिखल होतो. शिवाय ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या ओढाताणीत पाईपचे जोड निखळतात. मुरमाड जमिनीत पाणी वर येतच नाही. ते खाली झिरपते आणि उताराला दुसरीकडेच ओल दिसते. म्हणून ओल दिसली तेथेच भोक आहे, असे समजू नये.

तिसरा उपाय कानाचा. मध्यरात्री सामसूम झाल्यावर लाकडी दांड्याचे किंवा लोखंडी गजाचे एक टोक पाईपवर किंवा कॉकवर टेकवावे, दुसरे कानाला लावावे. गळती असेल तर सूं असा आवाज येतो. जवळ जावे तसा तो वाढतो. लोखंडी पाईपवर हा आवाज लांबून कळतो, प्लॅस्टिकवर मात्र फार जवळ गेल्याशिवाय कळत नाही.

साचलेले पाणी नळाचे की गटाराचे अशी शंका असेल तर ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याकडून ओ.टी. टेस्ट करून घ्यावी. पाणी पिवळे झाले तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे ते नळाचे. रंग आला नाही तर मात्र निर्णय करू नये, कारण मातीतून येताना क्लोरीन उडून जाते.

दुरुस्ती

खोदण्याआधी विजेची केबल कोठून गेली आहे हे विचारून घ्यावे. पाईपच्या जवळ आल्यावर पहार बाजूला ठेवून खुरप्याने माती काढावी. पाईपच्या खालीही वीतभर खड्डा करावा, म्हणजे उरलेले पाणी त्यात साचेल आणि जोड कोरडा राहील.

पाईप जी.आय.चा असेल आणि एकच भोक असेल तर रबरी पट्टी घालून क्लॅम्प आवळता येतो, परंतु तो तात्पुरता उपाय आहे. गंजलेल्या पाईपला आज एक भोक असते, पुढच्या वर्षी चार होतात. खराब तुकडा कापून, नवे आटे पाडून, युनियन बसवून जोडणे हेच बरे. वरून सिमेंट किंवा एम-सील थापून दाबाचे पाणी थांबत नाही.

पी.व्ही.सी. असेल तर खराब भाग सरळ कापावा. गाडलेली लाईन मागेपुढे सरकत नाही, म्हणून साध्या दोन कपलरने तुकडा बसत नाही. एक तर सरकता कपलर किंवा युनियन घ्यावा, नाहीतर दोन्ही बाजूंनी लांब खोदून पाईप वाकवता येईल इतकी जागा करावी. टोके घासून, पुसून पूर्ण कोरडी करावीत. दोन्हीकडे सॉल्व्हंट लावून पाईप आत दाबावा, थोडा फिरवावा आणि अर्धा मिनिट धरून ठेवावा. डब्यावर लिहिलेला वेळ जाईपर्यंत पाणी सोडू नये. कारागीर घाई करतो आणि जोड तेथेच पुन्हा सुटतो. सी.पी.व्ही.सी.चे सॉल्व्हंट वेगळे असते, हेही लक्षात ठेवावे.

खड्डा बुजवण्याआधी पाणी सोडून पूर्ण दाबाखाली तासभर जोड पाहावा. मग पाईपच्या खाली-वर चार बोटे वाळू किंवा चाळलेला मुरूम घालावा, दगड लागू देऊ नये. गटार ओलांडायचे असेल तर पाण्याची लाईन गटाराच्या वरून न्यावी, खालून कधीही नेऊ नये. सुरुवातीचे पाणी वाहू द्यावे आणि एक-दोन दिवस पिण्याचे पाणी उकळून घ्यावे.

खरेदी आणि मजुरी

पाईप घेताना आय.एस. क्रमांक पाहावा. पिण्याच्या पाण्याच्या पी.व्ही.सी.साठी ४९८५, एच.डी.पी.ई.साठी ४९८४, सी.पी.व्ही.सी.साठी १५७७८ आणि जी.आय.साठी १२३९. सांडपाण्याचा पातळ पाईप स्वस्त मिळतो, पण दाबाच्या लाईनला तो चालत नाही. कारागिराशी खोदाई, जोडणी आणि फरशी पूर्ववत करणे यांची मजुरी वेगवेगळी ठरवावी. सामानाचे बिल आपल्या नावाने घ्यावे.

रस्त्यातील मेन लाईनवर किंवा तिच्या जोडावर गळती असेल तर स्वतः हात लावू नये. ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

लाईन उघडी असतानाच भिंतीपासून तिचे अंतर व खोली मोजून कागदावर नकाशा काढावा आणि तो घराच्या कागदपत्रांत ठेवावा. दुकान, गोदाम, मशिदीचा वुजूखाना, शाळा, सगळीकडे ही तजवीज करावी. पुढच्या पिढीला एखाद्या रात्री तो कागद लागेल, तेव्हा सगळे अंगण खणावे लागणार नाही.