शारीरिक शिक्षणाचा पाठ कसा आंखावा ?

शाळेच्या वेळापत्रकांत खेळाचा तास लिहिलेला असतो. परंतु तेवढ्यावरून त्या तासांत कांहीं शिकविलें जातें असें म्हणतां येत नाहीं. पुष्कळ सुशिक्षित घरांतून अशी समजूत आढळते कीं, गणित किंवा भाषा शिकवावयास तयारी लागते, पण मुलांस खेळविण्यास एक शिटी, एक चेंडू आणि मोकळें पटांगण एवढें पुरे. ही समजूत खरी असती, तर शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयांची गरजच पडली नसती. २०१४ सालच्या नियमांनुसार बी. पी. एड्. हा पदवीनंतरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला असून, प्रत्यक्ष वर्गावर घ्यावयाच्या सराव-पाठांस त्यांत मोठें स्थान आहे. मैदान गाजविलेला तरुणही या सराव-पाठांच्या वेळीं प्रथम गोंधळतो. कारण स्वतः धांवणें ही एक विद्या आहे आणि चाळीस मुलांस धांवावयास शिकविणें ही अगदीं निराळी.

ही दुसरी विद्या हळूहळू घडत आली आहे. स्वीडनमध्यें पेर हेन्रिक लिंग यानें १८१३ सालीं स्टॉकहोम येथें व्यायामशिक्षणाची संस्था स्थापन केली आणि शरीराच्या निरनिराळ्या भागांस क्रमानें व्यायाम देण्याची पद्धति घालून दिली. इंग्लंडमधील शाळांसाठीं १९०९ सालीं निघालेला अभ्यासक्रम याच वळणाचा होता. १९१९ व १९३३ सालच्या अभ्यासक्रमांत मात्र खेळांस व मोकळ्या हालचालींस अधिक वाव मिळाला. आपल्या देशांत मद्रास येथें हॅरी क्रो बक यांनीं १९२० सालीं शारीरिक शिक्षकांसाठीं शाळा सुरू केली. अमरावतीच्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें मूळ तर १९१४ सालचें आहे. मुंबई सरकारनें १९३८ सालीं कांदिवली येथें शारीरिक शिक्षकांची संस्था काढली. अशा संस्थांतून तासाचा एक ठराविक सांगाडा रूढ झाला : प्रथम एकत्रीकरण, मग अंगांत ऊब आणणाऱ्या हालचाली, त्यानंतर क्रमबद्ध व्यायाम, मग त्या दिवसाचें कौशल्य, शेवटीं खेळ व विसर्जन.

सांगाडा उपयोगी खरा; पण सांगाडा म्हणजे पाठ नव्हे. नवशिक्या शिक्षकाचें टांचण पाहिलें तर उद्दिष्टाच्या रकान्यांत बहुधा ‘खो-खो शिकविणें’ एवढेंच लिहिलेलें आढळतें. खो-खो एका तासांत शिकवितां येत नाहीं, आणि तास संपल्यावर तो मुलांस आला कीं नाहीं हेंही या शब्दांवरून ठरवितां येत नाहीं. उद्दिष्ट असें असावें : ‘तासाच्या अखेरीस प्रत्येक मूल बसलेल्या गड्यास पाठीमागून स्पर्श करील, त्याच क्षणीं स्पष्टपणें खो म्हणेल आणि त्याच्या जागीं बसेल.’ हें वाक्य डोळ्यांनीं तपासतां येतें. त्यांतील ‘प्रत्येक’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा असून पाठाची सारी आंखणी त्या एका शब्दासाठींच करावयाची असते.

याचें कारण साध्या हिशेबांत आहे. खो-खोच्या सामन्यांत पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी बसलेले असतात, एक धांवत असतो, आणि पळणारे एका वेळीं तीन असतात. म्हणजे मैदानांत एकूण बारा. वर्ग चाळीसांचा असेल आणि शिक्षकानें येतांच सामना लावून दिला, तर अठ्ठावीस मुलें रेघेबाहेर उभीं राहतात. खेळांत शिरणारीं बहुधा चपळ मुलेंच असतात. ज्यांस खेळ येतो त्यांस अधिक यावा आणि ज्यांस येत नाहीं त्यांनीं टाळ्या वाजवाव्या, अशी ही व्यवस्था होते. दुबळें, लठ्ठ किंवा बुजरें मूल वर्षानुवर्षें त्या रेघेबाहेर उभें राहतें आणि अखेरीस ‘खेळ हा आपला प्रांत नव्हे’ असें मनाशीं ठरवून मोकळें होतें. पुढें चाळिशींत वैद्यानें चालावयास सांगितलें म्हणजे हाच निश्चय त्यास आडवा येतो.

आतां तोच तास निराळ्या रीतीनें आंखतां येईल. तास पस्तीस मिनिटांचा धरूं. एकत्रीकरणास तीन मिनिटें, ऊब आणणाऱ्या हालचालींस पांच, क्रमबद्ध व्यायामास पांच, कौशल्यास बारा, खेळास आठ आणि विसर्जनास दोन. कौशल्याच्या बारा मिनिटांसाठीं चाळीस मुलांचे पांच-पांचांचे आठ गट करावे. प्रत्येक गटासाठीं चुन्याची एक सरळ रेघ असावी. तीवर चार मुलें दोन-दोन पावलांच्या अंतरानें, एकाआड एक उलट दिशांस तोंडें करून बसतील. पांचवें मूल खो देईल. पहिलें मूल पूर्वेकडे तोंड करून बसलें असेल, तर उठल्यावर तें पूर्वेच्याच बाजूनें पुढें जाईल. दुसऱ्याचें तोंड पश्चिमेस असल्यामुळें त्याची पाठ आपोआप येणाऱ्यापुढें येते आणि खो पाठीमागूनच द्यावयाचा हा नियम सहज पाळला जातो. बैठकीची ही जुनी योजना किती विचारपूर्वक केलेली आहे, हें अशा सरावांत मुलांच्या आपसुक लक्षांत येतें.

एका खोस सहा सेकंद लागले असें धरलें, तर एका गटांत मिनिटास दहा खो होतील आणि प्रत्येक मुलास मिनिटांत दोन पाळ्या मिळतील. बारांपैकीं चार मिनिटें दाखविण्यांत व सुधारण्यांत गेलीं, तरी उरलेल्या आठ मिनिटांत सोळा पाळ्या पदरांत पडतात. हींच चाळीस मुलें एका लांब रांगेंत उभीं करून एकेकास बोलाविलें, तर एक फेरा पुरा होण्यास चार मिनिटें लागतील आणि आठ मिनिटांत प्रत्येकाच्या वांट्यास दोनच पाळ्या येतील. मैदान तेंच, मुलें तींच, वेळही तोच. आंखणी बदलतांच दोनाच्या सोळा पाळ्या होतात. उत्तम टांचण व कच्चें टांचण यांतील अंतर असें मोजतां येतें.

गट केले म्हणजे काम संपलें असें मात्र नाहीं. शिकविण्याची कला येथूनच सुरू होते. मुलांच्या डोळ्यांवर ऊन येऊं नये म्हणून सूर्य त्यांच्या पाठीशीं असावा. शिक्षकानें स्वतः सूर्याकडे तोंड करावें. त्यानें अशा जागीं उभें राहावें कीं, सगळे गट एका दृष्टिक्षेपांत दिसतील. कृति प्रथम न बोलतां पूर्ण वेगानें दाखवावी, मग सावकाश, तुकड्या-तुकड्यांनीं दाखवावी, आणि पुन्हा एकदां सलग दाखवावी. आज्ञेचे दोन भाग असतात : ‘बायें’ हा सूचनेचा आणि ‘मूड’ हा कृतीचा. दोहोंच्या मध्यें क्षणभर थांबणें अवश्य आहे. त्या क्षणांतच मूल आपला डावा पाय कोणता तें आठवीत असतें.

चुका सुधारतांनाही संयम लागतो. खो देतांना मुलें साधारणतः तीन प्रकारें चुकतात : स्पर्शाआधींच शब्द उच्चारतात, समोरून खो देतात, किंवा उठलेलें मूल मागें वळतें. तिन्ही चुका एकदम सांगितल्यास मुलाच्या ध्यानांत एकही राहत नाहीं. एका वेळीं एकच चूक घ्यावी, ती सुधारली म्हणजे दुसरी. शिवाय प्रत्येक गोष्ट शिक्षकानेंच सांगितली पाहिजे असेंही नाहीं. मस्का मॉस्टन यानें १९६६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, केवळ आज्ञेनें शिकविण्यापासून तों मुलास स्वतः शोधूं देण्यापर्यंतच्या अध्यापन-पद्धतींची क्रमवार मांडणी केली. १९८२ सालीं इंग्लंडमधील लफबरो येथील बंकर व थॉर्प यांनीं सुचविलें कीं, आधीं खेळाचा डाव मुलास समजूं द्यावा. कौशल्याची गरज त्यास मग आपोआप भासते. आपल्या उदाहरणांत शेवटच्या आठ मिनिटांच्या खेळांत शिक्षकानें एवढाच प्रश्न टाकावा : ‘पळणारा खांबाजवळ असतां खो लगेच द्यावा, कीं थोडें थांबून ?’ उत्तर मुलें धांवूनच शोधतील.

वर्गांतील सर्व मुलें सारखीं नसतात, ही गोष्ट टांचणांतच दिसली पाहिजे. ज्यास दम्याचा विकार आहे त्याचा गट सावलींत असावा व त्याचें औषध जवळ असावें. ज्याच्या पायांत अधूपणा आहे त्यास ‘तूं गुण लिही’ म्हणून बाजूस न बसवितां, त्याच्या गटांत अंतर कमी करून त्यासही खो देऊं द्यावा. एखाद्या मुलीनें आज धांवणें नको म्हटलें, तर चारचौघांत कारण विचारूं नये. पाऊस आला तर छपराखालीं काय घ्यावयाचें, हेंही आधींच लिहिलेलें असावें. तास सुरू होण्यापूर्वी मैदानावरून एक फेरी मारून खडे, कांचा व खड्डे पाहून घ्यावे. चुकलेल्यास मैदानाला फेऱ्या मारावयास लावणें ही तर मोठीच हानि होय; कारण जी वस्तु शिक्षा म्हणून मिळते ती मूल आवडीनें कधींच घेत नाहीं. शिक्षणहक्काच्या २००९ सालच्या कायद्यानें शारीरिक शिक्षेस मनाई केलेली आहेच.

हे पाठ शिकणाऱ्या होतकरू शिक्षकासाठीं एक साधी कसोटी आहे. तो पाठ घेत असतां त्याच्या सोबत्यानें घड्याळ घेऊन मैदानाच्या कडेस बसावें आणि उत्तम खेळाडूकडे न पाहतां सर्वांत मागें राहणारें एकच मूल निवडावें. तें मूल किती मिनिटें प्रत्यक्ष हालचाल करीत होतें, किती मिनिटें ऐकत होतें आणि किती मिनिटें नुसतें वाट पाहत उभें होतें, एवढें टिपून ठेवावें. तास संपल्यावर हे तीन आंकडे पुढें ठेवले, म्हणजे कोणाच्याही टीकेवांचून शिक्षकास आपल्या पाठाचें खरें रूप दिसतें. पुढच्या पाठांत तिसरा आंकडा कमी झाला, तर शिक्षकाची प्रगति झाली असें खुशाल समजावें.

शेवटीं एक गोष्ट घरांतील वडील मंडळींसाठीं. पांच ते सतरा वर्षांच्या मुलांनीं सरासरीनें रोज साठ मिनिटें तरी मध्यम ते जोमदार हालचाल करावी, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सुचविलें आहे. आठवड्याचीं हीं चारशें वीस मिनिटें होतात. पस्तीस मिनिटांचे दोन तास शाळेंत मिळाले, तरी ते अवघे सत्तर. शाळेचा तास मुलाचा सगळा व्यायाम पुरा करूं शकत नाहीं. तें त्याचें कामही नव्हे. संध्याकाळीं अंगणांत, गल्लींत किंवा गच्चीवर मूल आपण होऊन जें खेळेल, तें खेळण्याची हिंमत व रीत त्यास देणें हें त्याचें काम. म्हणून मूल घरीं आल्यावर ‘आज कोण जिंकलें ?’ असें विचारण्याऐवजीं ‘आज तुझी पाळी किती वेळां आली ?’ असें विचारावें. उत्तर एक-दोनांवरच थांबत असेल, तर पालकांच्या पुढच्या सभेंत तोच प्रश्न शाळेपुढें सौजन्यानें मांडावा.