माग काढायला शिकवणारे चितमपल्ली

मारुती चितमपल्ली 18 जून 2025 रोजी सोलापुरात गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘अरण्यऋषी’ म्हणून निरोप दिला. पांढुर्णा-सौंसरच्या आम्हा वाचकांना मात्र ते त्याहून जवळचे होते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. कचेरीची भाषा हिंदी झाली, घरातली मराठीच राहिली. ज्या सातपुड्याच्या पायथ्याशी आम्ही राहतो, त्याच्या शेजारचं रान मराठीतून पाहायला शिकलो ते ‘रानवाटा’ आणि ‘पक्षी जाय दिगंतरा’ या पुस्तकांमुळे.

5 नोव्हेंबर 1932 चा त्यांचा जन्म, सोलापूरचा. झाडापाखरांची पहिली ओळख आईने आणि मामाने करून दिली. कोइमतूरच्या महाविद्यालयात वनविद्या शिकून ते महाराष्ट्राच्या वनखात्यात गेले आणि 1990 साली निवृत्त झाले. 2006 च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. एवढं कुठल्याही परिचयात सापडतं. मला सांगायचं आहे ते या साहेबाने कुणाकडून शिकून घेतलं त्याविषयी.

नवेगावबांध तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं, आता गोंदियात आहे. कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला तिथला अफाट तलाव, भोवती डोंगरांचं कडं आणि घनदाट रान. तिथे चितमपल्लींना भेटले माधवराव पाटील डोंगरवार. एके काळचे नामांकित शिकारी. बंदूक त्यांनी पुढे बाजूला ठेवली, पण शिकाऱ्याचा डोळा आणि कान शाबूत होते. ते रान त्यांना खडान्खडा माहीत होतं. हुद्दा चितमपल्लींकडे होता, विद्या माधवरावांकडे. चितमपल्लींनी हुद्दा दूर ठेवून त्यांना गुरू मानलं आणि ‘नवेगावबांधचे दिवस’मध्ये तसं मोकळेपणाने लिहून ठेवलं. गावातले ढिवर आणि गोंड यांच्याकडूनही ते असेच शिकत राहिले. खात्यातला अधिकारी गावकऱ्याच्या मागे चालतो आहे, हे दृश्य त्या काळी दुर्मीळ होतं आणि आजही फारसं दिसत नाही.

ही विद्या शिकायची कशी? नाल्यातल्या ओल्या वाळूवर वाघाचा ठसा पडलेला असतो. नवखा माणूस ‘वाघ’ म्हणून मोकळा होतो. जाणकार आधी खाली बसतो. नखं उमटली नाहीत, म्हणजे कुत्रा किंवा तरस नाही. गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे दिसतात, म्हणजे मार्जारकुळातला. बिबट्यापेक्षा मोठा. बोटं रुंद आणि ठसा चौकोनी असेल तर बहुधा नर. निमुळता, लांबट असेल तर मादी. मग वेळ काढायची. कडा ताज्या आहेत की ढासळल्या? त्यावर दवाचे थेंब पडून खड्डे झालेत का? रात्री फिरणाऱ्या किड्याची रेघ ठशावरून गेली असेल तर वाघ तिच्या आधी गेला. रेघ ठशाखाली दबली असेल तर नंतर. एवढं झालं की मान वर करायची आणि वानराचा खकारा किंवा सांबराची हाक कुठून येते ते ऐकायचं. पुस्तक वाचून हे समजतं, पण अंगवळणी पडतं ते कुणाच्या तरी मागे चालूनच.

सरकारी व्याघ्रगणनाही एके काळी ठशांवरच उभी होती. ओडिशाचे सरोज राज चौधरी यांनी ही पद्धत बसवली आणि 1972 च्या पहिल्या देशव्यापी मोजणीत 1827 वाघ निघाले. काचेवर ठसा उतरवून घ्यायचा, जरूर तर प्लास्टर ओतायचं. पण एकाच वाघाचा ठसा वाळूत वेगळा, चिखलात वेगळा. आकडे फुगत गेले. 2005 साली सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं, तेव्हा कागदावर ते होते. 2006 पासून कॅमेरा आला, पट्ट्यांवरून वाघ ओळखले जाऊ लागले आणि आकडा 1411 वर उतरला. 2022 चा अंदाज 3682. त्यात मध्य प्रदेशचे 785. माझ्या मते ठसा खोटा नव्हता, त्याच्याकडून नको ते काम करून घेतलं गेलं. आजही कॅमेरे कुठे लावायचे हे ठरतं वनखात्याचा नाकेदार पायी फिरून नोंदवतो त्या खुणांवरच.

चितमपल्लींच्या लेखनात निरीक्षण आणि लोकसमजूत यांची सरमिसळ आहे, हेही सांगायला हवं. त्यांच्या ‘निळावंती’तलं सगळंच प्राणिशास्त्राच्या कसोटीला उतरणार नाही. पण ‘पक्षीकोशा’मागे त्यांनी घेतलेले कष्ट आणि कोणाही रानकऱ्याचं ऐकून घ्यायची तयारी, याला मराठीत तोड नाही.

आमच्या भागाला ही विद्या हवी आहे. पूर्वेला पेंच, उत्तरेला सातपुडा व्याघ्र प्रकल्प. या दोहोंना जोडणारी जनावरांची वाट छिंदवाड्याच्या जंगलातून जाते. ही वाट सलग रान नाही. मध्ये गावं, शेतं आणि रस्ते आहेत. या वाटेच्या दक्षिणेला आमच्या संत्र्याच्या बागा. प्रकल्पाच्या गाभ्यात कॅमेरे असतात, गस्त असते. आमच्या धुऱ्यावर पहाटे ठसा दिसला तर तो वाचायला शेतकरीच असतो. बिबट आहे की तरस, एकटा आहे की पिल्लांसह, कालचा की आजचा, यावर ठरतं की त्या दिवशी मजूर ओलिताला पाठवायचे की नाही. ठसा वाचता आला नाही की अफवा पसरते, काठ्या निघतात आणि माणूस किंवा जनावर नाहक जिवाला मुकतं.

2023 साली पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. नव्या जिल्ह्याच्या रानाची जाण असलेले नाकेदार, गुराखी आणि गोंड म्हातारे गावोगाव आहेत. त्यांच्या मागे चालणारी पोरं मात्र कमी झाली आहेत.

महाराष्ट्रात 5 नोव्हेंबर, म्हणजे चितमपल्लींचा जन्मदिवस, ते 12 नोव्हेंबर, म्हणजे सालिम अलींचा जन्मदिवस, हा पक्षी सप्ताह पाळतात. सरहद्दीच्या अलीकडे तो पाळायला कुणाच्या आदेशाची गरज नाही. त्या आठवड्यात एका सकाळी आपल्या गावचा नाकेदार किंवा जुना गुराखी गाठा, दोन पोरं बरोबर घ्या आणि त्याच्या मागे कन्हान नदीच्या वाळूत उतरा.