घरचा स्वॅब आणि दवाखान्याची वारी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या शिरड शहापूरकडं कुणी दवाखान्यात ॲडमिट झालं, की त्याला बघायला जावंच लागतं. नाही गेलं तर पुढं दहा वर्षं ऐकून घ्यावं लागतं, ‘आम्ही नांदेडला आठ दिवस पडून होतो, तुम्ही साधं तोंड दाखवलं नाही.’ मग एक जीप ठरते, सात-आठ माणसं बसतात, वसमतला चहा होतो आणि दुपारी सगळी मंडळी पेशंटच्या पलंगाभोवती उभी राहतात. त्यात एखाद्याचं नाक गळत असतं, एखादा खोकत असतो. पण सर्दी-खोकल्याचं काय एवढं, असं म्हणून तोही आलेला असतो.

२०२२ च्या जानेवारीत असा नाक गळणारा माणूस मी स्वतः होतो. माझी आत्या नांदेडच्या एका दवाखान्यात होती, केमोथेरपी चालू होती. ओमायक्रॉनची लाट आलेली. मी पडलो विज्ञानाचा शिक्षक. म्हटलं, शंका नको. मेडिकलवरून घरी करायचं कोरोनाचं किट आणलं, काडी नाकात फिरवली, पंधरा मिनिटं थांबलो. एकच रेषा आली. निगेटिव्ह! मोठ्या समाधानानं मी त्या पट्टीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला, दारात कुणी अडवलं तर दाखवायला.

निघण्याआधी वॉर्डात फोन केला. सिस्टरनं विचारलं, “तुम्हाला काही त्रास आहे का?” खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग येऊ नका.” मी म्हणालो, “अहो सिस्टर, टेस्ट निगेटिव्ह आहे.” त्या म्हणाल्या, “असू द्या. दोन दिवसांनी परत करा.” मला राग आला, खोटं कशाला सांगू. पण बसलो घरी. तिसऱ्या दिवशी परत पट्टी लावली, तर दुसरी रेषा उमटली. चांगली ठसठशीत उमटली!

म्हणजे पहिल्या दिवशी ती पट्टी खोटं बोलली होती का? तर नाही. मीच तिला जे विचारलं नव्हतं, त्याचं उत्तर तिच्या तोंडी घातलं होतं.

स्वॅब ही गोष्ट आपल्याकडं तशी नवी नाही. २००९ साली स्वाइन फ्लू आला तेव्हा पुण्यात नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या होत्या. नमुने तिथल्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेत तपासले जात. त्या रांगेत आजारी माणूसही असे आणि नुसता घाबरलेलाही असे, दोघं एकमेकांना चिकटून. घरच्या घरी तपासणी करता आली तर ही रांगच नको, ही कल्पना आपल्या देशात प्रत्यक्षात आली ती २०२१ मध्ये, आणि तीही पुण्याच्याच मायलॅब या कंपनीमुळं. याच कंपनीनं मार्च २०२० मध्ये पहिलं भारतीय आरटीपीसीआर किट आणलं होतं. त्या कामाचं नेतृत्व करणाऱ्या मीनल डाखवे भोसले तेव्हा गरोदर होत्या. किट तपासणीसाठी दिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली. पुढं १९ मे २०२१ रोजी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, मायलॅबच्या ‘कोविसेल्फ’ या घरगुती किटला मान्यता दिल्याचं जाहीर केलं. किंमत होती २५० रुपये.

आता या पट्टीच्या पोटात काय असतं? ज्यांनी घरी गरोदरपणाची चाचणी पाहिली आहे, त्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. नळीतल्या द्रवात साबणासारखा पदार्थ असतो, तो विषाणू फोडतो. त्याचे थेंब पट्टीवर टाकले की ओल पुढं सरकत जाते, दिव्याच्या वातीत तेल चढतं तशी. वाटेत रंगीत कण बसवलेले असतात. बहुतेक पट्ट्यांत ते सोन्याचे असतात, पण इतके बारीक की सोनं पिवळं न दिसता लाल दिसतं. विषाणूचं प्रथिन सापडलं तर हे कण त्याला धरतात आणि ‘टी’ या खुणेपाशी अडकतात. पुरेसे अडकले की तिथं रेषा दिसते. उरलेले पुढं ‘सी’पाशी अडकतात, तिथं दुसरी रेषा.

मंडळी, सगळा घोटाळा या ‘सी’च्या रेषेपाशी होतो. ती उमटली की आपण म्हणतो, टेस्ट बरोबर झाली. ती रेषा फक्त एवढंच सांगते, की द्रव पट्टीवरून नीट वाहिला आणि पट्टी खराब नाही. काडी नाकात गेली होती की नाही, हे तिला माहीतच नसतं. काडी नाकात न घालता नुसतीच नळीत बुडवली तरी ‘सी’ची रेषा येईल आणि निकाल दिसेल निगेटिव्ह! म्हणजे तपासणीतला सगळ्यात नाजूक भाग, आपला हात, याची परीक्षा कुणीच घेत नाही.

आणि हात चुकतो. कोविसेल्फच्या पत्रकात काडी दोन ते चार सेंटिमीटर आत घालून प्रत्येक नाकपुडीत पाच वेळा फिरवायला सांगितलं होतं. दोन ते चार सेंटिमीटर म्हणजे बोटाच्या एका पेरापेक्षा थोडं जास्तच. आपण काय करतो? गुदगुल्या झाल्या, डोळ्यांत पाणी आलं, की काडी बाहेर. एकाच नाकपुडीवर भागवणारेही मी पाहिले आहेत. काडी नाकाच्या आतल्या भिंतीला घासून फिरायला हवी, मधल्या पोकळीत नव्हे. हळद काढायच्या दिवसांत आमच्याकडं नाकात पिवळी धूळ भरलेली असते; काही किटच्या पत्रकात आधी नाक शिंकरायला सांगितलेलं असतं ते उगाच नाही. वेळेचंही तसंच. त्या किटचा निकाल पंधरा मिनिटांनी वाचायचा होता आणि वीस मिनिटांनंतर दिसलेलं धरायचं नव्हतं. आपण पट्टी फडताळावर ठेवून शेतात जातो आणि संध्याकाळी येऊन पाहतो.

अजून एक गोष्ट, जी पुण्या-मुंबईपेक्षा आपल्या मराठवाड्यात जास्त महत्त्वाची आहे. बहुतेक किटांवर साठवण्याचं तापमान २ ते ३० अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं. मे महिन्यात आमच्याकडं पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या घरात किंवा उन्हात उभ्या गाडीत काय होत असेल, ते पत्र्याखाली राहणाऱ्याला सांगायला नको. उष्णतेनं पट्टीवरची प्रथिनं बिघडतात आणि विषाणू असूनही रेषा न येण्याची शक्यता वाढते. म्हणून किट आणायचंच तर लागेल तेव्हाच आणावं आणि मुदत वाचून घ्यावं.

समजा हात चुकला नाही, पट्टी ताजी आहे. तरीही एक अडचण राहतेच. आरटीपीसीआरमध्ये विषाणूच्या जनुकीय धाग्याच्या प्रती यंत्रात पुन्हा पुन्हा वाढवल्या जातात, त्यामुळं थोडासा अंशही सापडतो. घरच्या पट्टीला असं वाढवता येत नाही. जेवढं नाकात आहे तेवढंच तिला दिसतं. आजाराच्या पहिल्या दिवशी घसा खवखवतो, पण नाकात विषाणू अजून पुरेसा नसतो. माझं बहुधा हेच झालं होतं. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितलं, की त्रास असेल आणि पट्टी निगेटिव्ह असेल तर ४८ तासांनी दुसरी करा. काहीच त्रास नसेल तर अशा अंतरानं एकूण तीन. सिस्टरनं हेच मला सात महिने आधी फोनवर सांगितलं होतं. आयसीएमआरनंही २०२१ मध्येच स्पष्ट केलं होतं, की घरची चाचणी पॉझिटिव्ह आली तर ती खरी धरा, परत करू नका. पण लक्षणं असून निगेटिव्ह आली तर लगेच आरटीपीसीआर करा. म्हणजे ‘हो’वर विश्वास ठेवायचा आणि ‘नाही’ची खात्री करून घ्यायची. आपण नेमकं उलटं करतो. फिकट दुसरी रेषा आली तर ‘ही काय रेषा आहे का’ म्हणून दुसरं किट फोडतो. फिकट असली तरी ती पॉझिटिव्हच असते.

हे झालं भेटायला जाणाऱ्याचं. स्वतः पेशंट असलेल्याचं गणित वेगळं. चाचणी नाही म्हणून बाळंतीण दारात थांबवली, ऑपरेशन पुढं ढकललं, अशा तक्रारी त्या काळात खूप ऐकू आल्या. १० जानेवारी २०२२ च्या सूचनेत आयसीएमआरनं लिहिलं, की चाचणी नसल्यामुळं कोणतंही तातडीचं ऑपरेशन किंवा बाळंतपण लांबवू नये आणि पेशंटला दुसरीकडं पाठवू नये. त्रास नसलेल्यांची ऑपरेशनपूर्वी उगाच तपासणीही करू नये. तेव्हा छातीत कळ आली, बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या, तर घरी काडी शोधत बसायचं नाही. गाडी काढायची.

जागतिक आरोग्य संघटनेनं ५ मे २०२३ रोजी कोरोनाची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. विषाणू मात्र गेलेला नाही. आणि कोरोनाची पट्टी कोरोनाच ओळखते. फ्लू असेल तर तीच पट्टी शांत राहील. केमो चालू असलेल्या, डायलिसिसवरच्या माणसाला किंवा नवजात बाळाला फ्लूही पुरेसा आहे. नाक गळत असताना निगेटिव्ह पट्टीचा फोटो घेऊन वॉर्डात जाण्याला म्हणूनच अर्थ नाही. माझी आत्या त्या फेरीतून नीट बाहेर आली. मी पंधरा-वीस दिवसांनी गेलो तेव्हा तिनं आधी तोंड फिरवलं, मग सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग फोनवर रोज का नाही बोललास?” ते खरंच सुचलं नव्हतं.

आणखी एका स्वॅबबद्दल सांगतो, कारण गुडघ्याच्या किंवा हृदयाच्या ऑपरेशनपूर्वी मोठ्या दवाखान्यांत काही वेळा तो घेतात आणि लोक विनाकारण घाबरतात. सुमारे तीन माणसांत एकाच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जिवाणू मुक्कामाला असतो. एरवी तो काही करत नाही. जखमेत शिरला तर त्रास देतो. त्याचा औषधांना दाद न देणारा प्रकार म्हणजे एमआरएसए. इंग्लंडमध्ये २००९ पासून ठरवून होणाऱ्या ऑपरेशनआधी याची सरसकट तपासणी सुरू झाली. २०१४ मध्ये ती जास्त धोका असलेल्यांपुरती करण्याचा सल्ला दिला गेला. नेदरलँड्समध्ये डॉक्टरांनी साध्या, औषधांना दाद देणाऱ्या प्रकारावर प्रयोग केला. ज्यांच्या नाकात जिवाणू सापडला त्यांना नाकात लावायचं म्युपिरोसिन मलम आणि अंघोळीला क्लोरहेक्सिडिनचा साबण दिला. २०१० मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: औषध दिलेल्यांत या जिवाणूचा संसर्ग ३.४ टक्के, नुसतं मलम-साबणाचं नाटक केलेल्यांत ७.७ टक्के.

या स्वॅबचा निकाल घरी दिसत नाही. काडी प्रयोगशाळेत जाते आणि नेहमीच्या पद्धतीनं जिवाणू वाढायला एक-दोन दिवस लागतात. तो पॉझिटिव्ह आला म्हणजे तुम्ही आजारी आहात असं नाही, आणि ऑपरेशन रद्द झालं असंही नाही. बहुधा पाच दिवसांचं मलम आणि साबण हाती पडतो. तेवढे पाच दिवस मात्र पुरे करायचे. तिसऱ्या दिवशी ‘आता कशाला’ म्हणून मलमाची नळी कोनाड्यात ठेवून द्यायची नाही.